जीप उंच करण्यापूर्वी...

ऊसतोडणीचा हंगाम भरात आला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील पाणंद रस्त्यांची काय अवस्था होते, हे या भागात ज्यांची शेती आहे त्यांना सांगावयास नको. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची सतत ये-जा होऊन दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात आणि मधोमध मातीचा वरंबा उभा राहतो. पुण्यात नोकरी-व्यवसाय करून सुटीच्या दिवशी न्हावरे, पारगाव किंवा पाटसच्या शिवारात जाणाऱ्या जीपधारकाची गाडी नेमकी याच वरंब्यावर खालून घासते. मग गाडी दोन-चार इंच ‘उचलून’ घेण्याचा विचार सुरू होतो. जीपप्रेमींच्या भाषेत यालाच ‘सस्पेन्शन लिफ्ट’ म्हणतात.

मात्र गाडी उंच दिसणे आणि गाडीखालची जागा वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जीपच्या पोटाखाली सर्वांत खाली येतो तो ॲक्सलवरील डिफरन्शियलचा फुगीर भाग. स्प्रिंग काम करते ती ॲक्सल आणि चॅसिस यांच्या मध्ये. ती उंच केली की चॅसिस, बॉडी आणि इंजिन वर जाते. ॲक्सल मात्र चाकांना बांधलेलाच राहतो आणि जमिनीपासूनचे त्याचे अंतर एका मिलिमीटरनेही बदलत नाही. त्यामुळे चाकोरीतून जाताना चार इंच उचललेली जीपसुद्धा त्याच वरंब्यावर, त्याच ठिकाणी टेकते. हा साधा हिशेब लक्षात न घेता खर्च करणारे अनेक जण आहेत.

लिफ्टचा खरा उपयोग होतो तो चढ-उताराच्या तुटक जागी. दौंडमध्ये खडकवासल्याच्या कालव्याच्या किंवा शिरूरमध्ये चासकमानच्या कालव्याच्या चाऱ्या ओलांडताना पुढचा बंपर समोरच्या काठाला लागतो, बांध चढून उतरताना गाडीचे पोट टेकते, घोड नदीच्या पात्रातून बाहेर पडताना मागचा भाग घासतो. या तिन्ही ठिकाणी चॅसिस वर गेल्याने फरक पडतो. शिवाय मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळते. आपली अडचण यांपैकी कोणती, हे गाडीखाली वाकून घासल्याच्या खुणा पाहिल्या तरी कळते. खुणा डिफरन्शियलवर असतील तर उपाय टायरमध्ये आहे, चॅसिसच्या आडव्या पट्टीवर किंवा बंपरवर असतील तर स्प्रिंगमध्ये.

टायरचा हिशेब असा. टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्म्याने ॲक्सल वर जातो. २०१० साली बाजारात आलेल्या महिंद्र थारला २३५/७० आर १६ या मापाचे टायर होते. त्यांचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर. त्या जागी २४५/७५ आर १६ बसविल्यास व्यास सुमारे ७७४ होतो आणि ॲक्सलखाली जेमतेम १९ मिलिमीटर जागा मिळते. पाऊण इंचच, पण ती नेमकी हवी तेथे मिळते. मात्र स्पीडोमीटर ताशी ८० किलोमीटर दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८४ ने धावत असेल, ब्रेकला अधिक जोर लागेल आणि ओढ किंचित कमी होईल. टायर आणखी मोठा घ्यावयाचा तर तो वळणावर चॅसिसला किंवा मडगार्डला घासतो की नाही, हे आधी तपासावे लागते.

आधी जुनी उंची परत मिळवा

पाटे असलेल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. एमएम ५४० किंवा मारुती जिप्सीला पुढे-मागे चारही ठिकाणी पाटे आहेत. खताची पोती, पाण्याच्या टाक्या आणि दहा-बारा माणसे वर्षानुवर्षे वाहिल्यावर पाट्यांची कमान बसते आणि गाडी मूळ उंचीपेक्षा खाली येते. म्हणून सपाट जागेवर, टायरमध्ये नेमकी हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजावे. ते मूळ मापापेक्षा कमी असेल किंवा डाव्या-उजव्या बाजूंत फरक असेल, तर लिफ्ट नव्हे, दुरुस्ती हवी आहे. कंपनीच्या मापाचे नवे पाटे, नवे बुश आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर एवढ्यावर गेलेली उंची परत मिळते, शिवाय कायद्याचा प्रश्नही उद्भवत नाही. बसलेल्या पाट्यांना गॅसच्या ज्योतीने तापवून कमान घालण्याचा स्वस्त उपाय मात्र टाळावा. तापविल्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि असा पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो किंवा तुटतो.

त्यानंतरही उंची हवीच असेल तर मार्ग गाडीनुसार बदलतात. पाट्यांच्या गाडीत लांब शॅकल बसविणे सर्वांत सोपे असते. शॅकल दोन इंच लांब केली की गाडी एक इंच उचलली जाते. मात्र पाट्याचे एक टोक खाली गेल्याने ॲक्सल फिरतो आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन बदलतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो म्हणून ती सरळ धावते. जीपमध्ये तेच काम हा कोन करतो. तो कमी झाला की स्टिअरिंग सैल वाटू लागते आणि वेगात गाडी भरकटते. जास्त कमानीचे पाटे घेणे त्याहून बरे. ॲक्सलखालचे पाटे ॲक्सलच्या वर बसविण्याच्या पद्धतीने चार-पाच इंच उंची एकदम मिळते; पण वेल्डिंग, स्टिअरिंगची नवी जोडणी आणि ॲक्सलच्या पिळण्यावर उपाय असे सारेच नव्याने करावे लागते. रोज रस्त्यावर चालविण्याच्या गाडीसाठी ही पद्धत निवडू नये, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. मागच्या पाट्याखाली ठोकळे घालण्याची पद्धत ट्रकमध्ये रूढ आहे. मात्र पुढच्या ॲक्सलला ठोकळे कधीही घालू नयेत. ब्रेक लावताना तेथे येणाऱ्या जोराने ठोकळा सरकण्याचा धोका असतो.

२०१० च्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार असल्यामुळे केवळ बोल्ट फिरवून पुढची बाजू वर घेता येते. हा जणू फुकटचा लाभ वाटतो, पण त्यात चाकाला खाली जाण्यास असलेली जागाच खर्ची पडते. खड्ड्यात चाक लटकण्याऐवजी हवेत राहते, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके चालून लवकर झिजतात आणि गाडी आदळू लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली नवी थार पुढे स्वतंत्र सस्पेन्शनची व मागे अखंड ॲक्सलची आहे. २०२३ मधील पाच दरवाजांच्या जिम्नीला दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहेत. दोन्हींत कॉइल स्प्रिंग आहेत. यांच्यासाठी स्प्रिंगवर घालण्याच्या जाड चकत्याही मिळतात आणि लांब स्प्रिंगचे पूर्ण संचही. चकत्यांनी उंची वाढते, पण शॉक ॲब्सॉर्बर मूळचाच राहिल्यास तो खड्ड्यात पूर्ण ताणला जाऊन लवकर निकामी होतो. म्हणून स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच संचातील, एकमेकांसाठी बनविलेले घ्यावेत. नव्या थारची मूळ ग्राउंड क्लिअरन्स २२६ आणि जिम्नीची २१० मिलिमीटर आहे. ऊस-कांद्याच्या शेतावर जाण्यास ती सहसा पुरते. पावसाळ्यात काळी जमीन चिकटून टायरच्या खाचा बुजल्या की कितीही उंच गाडी जागीच फिरते; तेथे वापसा येण्याची वाट पाहणे किंवा टायरमधील हवा कमी करणे हाच उपाय असतो. अर्थात महामार्गावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरावीच लागते.

महामार्गावरची बाजू

शेतातला एक किलोमीटर चिखल गाठण्यासाठी हीच गाडी पुणे-सोलापूर किंवा पुणे-अहिल्यानगर महामार्गावर साठ-सत्तर किलोमीटर धावते, हे विसरून चालणार नाही. दोन चाकांमधील रुंदीचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची हे गाडी उलटण्याच्या शक्यतेचे ढोबळ माप आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा यंत्रणेने २००१ पासून त्यावर आधारित मानांकन सुरू केले. साधारण मोटारींत हा आकडा १.३ ते १.५ असतो. समजा, एखाद्या जीपची चाकांमधील रुंदी १५०० मिलिमीटर व गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आहे. आकडा येतो १.०७. चार इंच उचलल्याने गुरुत्वमध्य ८० मिलिमीटरने वर गेला तर तो ०.९६ होतो. यवतजवळ समोर अचानक दुचाकी आली आणि स्टिअरिंग झटकन वळवावे लागले, तर हा फरक जीवावर बेतू शकतो. टपावर सामानाची जाळी आणि जादा टायर असल्यास तो आणखी वाढतो.

कायद्याची बाजूही कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनमालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लिफ्टचा संच दुकानात खुलेआम मिळतो म्हणून तो रस्त्यावर वैध ठरत नाही. अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. म्हणून संच विकत घेण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी चौकशी करावी. केवळ शर्यतीसाठी बांधलेली गाडी असेल तर ती स्पर्धेच्या जागी ट्रकवर लादून न्यावी.

बसविण्याचे काम पाट्यांचा आणि चाकांच्या अलाइनमेंटचा, दोन्हींचा अनुभव असलेल्या गॅरेजकडेच द्यावे. गाडी जॅकऐवजी चॅसिसखाली भक्कम घोडे लावून उभी करणे, जुने यू-बोल्ट पुन्हा न वापरता नवे घालणे आणि बुशचे बोल्ट चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन आल्यावरच आवळणे, या तीन गोष्टींवर मालकाने स्वतः लक्ष ठेवावे. बोल्ट हवेतच आवळले तर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. त्यानंतर एका बाजूचे चाक पूर्ण लटकवून ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, हे पाहावे. पाइप अपुरा पडत असेल तर तो लांब घेतल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये. मागे आडवी पॅनहार्ड पट्टी असलेल्या गाडीत उंची वाढली की ॲक्सल एका बाजूला सरकतो. तो पट्टी बदलून मध्यावर आणावा लागतो. प्रॉपेलर शाफ्टमधून ठरावीक वेगाला घरघर ऐकू येऊ लागली तर सांध्यांचा कोन बिघडला आहे असे समजावे.

शेवटी अलाइनमेंट करून कॅस्टरचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सर्व यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. हेडलाइटचा झोत खाली करून घेण्याचे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पुढची बाजू उचललेल्या गाडीचा दिवा रात्री समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो.