डी-डायमर व पक्षाघाताची तीव्रता

मेंदूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद पडली की तोंड वाकडे होणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे अशी लक्षणे अचानक दिसू लागतात. हा गुठळीजन्य पक्षाघात. मेंदूत रक्तस्राव होऊन येणारा पक्षाघात वेगळा. गुठळी तयार होताना आणि विरघळताना काही पदार्थ रक्तात उतरतात. त्यांच्या प्रमाणावरून आजाराच्या तीव्रतेचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न बराच काळ चालू आहेत. फायब्रिनोजेन, थ्रॉम्बिन-अँटिथ्रॉम्बिन संयुग, फॉन विलेब्रांड घटक अशा अनेक दर्शकांचा अभ्यास झाला असला, तरी रुग्णालयात सहज तपासता येणारा आणि सर्वाधिक चर्चिला गेलेला दर्शक म्हणजे डी-डायमर.

रक्त गोठताना थ्रॉम्बिन हे विकर फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे तयार करते आणि रक्तक्लथनाचा तेरावा घटक ते धागे एकमेकांना सांधतो. पुढे प्लाझ्मिन हे विकर ही जाळी तोडू लागते, पण तेराव्या घटकाने घातलेले सांधे त्याला तोडता येत नाहीत. त्यामुळे दोन डी-खंड जोडलेल्या अवस्थेतच रक्तात येतात, तोच डी-डायमर. शरीरात कुठेतरी गुठळी झाली आहे आणि ती विरघळूही लागली आहे, एवढे त्यावरून कळते. ती कुठे आहे, हे कळत नाही.

पक्षाघाताची तीव्रता शुद्ध, नजर, चेहरा, हातापायांतील बळ, संवेदना, वाचा इत्यादी तपासून ० ते ४२ गुणांच्या ‘एनआयएचएसएस’ श्रेणीवर मोजतात. दाखल होताना डी-डायमर जास्त असलेल्या रुग्णांचे गुण सरासरीने जास्त असतात, मेंदूचा मोठा भाग बाधित झालेला असतो आणि पुढील सुधारणाही कमी होते, असे अनेक निरीक्षणांत आढळले आहे. मात्र या संबंधाचे मोठे कारण गुठळीच्या उगमात आहे. हृदयाचे ठोके अनियमित झाले, किंवा संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झाली, की डाव्या अलिंदात रक्त साचून राहते व तिथे फायब्रिनने भरलेली मोठी गुठळी बनते. ती सुटून मेंदूची मोठी धमनी अडवते. अशा रुग्णांत डी-डायमर बहुधा बराच वाढलेला असतो. मेंदूच्या आतील बारीक धमनी बंद पडल्यास तो फारसा वाढत नाही. म्हणून डी-डायमर तीव्रतेपेक्षा गुठळीच्या उगमाबद्दल अधिक सांगतो, असे मानणे योग्य. कारण सापडत नसताना तो फार वाढलेला असेल आणि मेंदूत वेगवेगळ्या धमन्यांच्या क्षेत्रांत इजा दिसत असेल, तर लपलेल्या कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो. चाचणीचा खरा उपयोग इथे आहे.

वाढते वय, गरोदरपण, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग यांतही डी-डायमर वाढतो. कोविडच्या साथीत, २०२०-२१ मध्ये, ही तपासणी महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाली ती याच कारणाने. पक्षाघातानंतर अन्नकण श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला, किंवा लुळ्या पायाच्या शिरेत गुठळी झाली, तरी आकडा चढतो. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा अहवाल मेंदूऐवजी छातीची किंवा पायाची गोष्ट सांगत असू शकतो. एककांचाही घोळ होतो. काही प्रयोगशाळा ‘एफईयू’ तर काही ‘डीडीयू’ वापरतात, आणि पहिल्यातील आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. ‘एफईयू’मध्ये मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा ‘डीडीयू’मध्ये सुमारे २५० भरते. एकक न पाहता दोन ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून घाबरणे किंवा निश्चिंत होणे, दोन्ही चूक.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या दर्शकांपैकी फायब्रिनोजेनचे सर्वसाधारण प्रमाण डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. धूम्रपान आणि दाह यांमुळे ते वाढते. गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज हे औषध दिल्यावर ते उतरते, आणि उपचारानंतर रक्तस्राव झाल्यास त्याच्या पातळीकडे लक्ष द्यावे लागते.

लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, योग्य रुग्णाला अल्टेप्लेज देता येते. त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे पाहावे लागते आणि रक्तातील साखर तपासावी लागते. रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेत असेल किंवा रक्तस्रावाचा विकार असल्याची शंका असेल, तर आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचा दर्शक) व प्लेटलेटचे आकडेही आधी हाती असावे लागतात. डी-डायमरच्या अहवालासाठी हा उपचार थांबवू नये.