तुआसची तरफ आणि चिखलातला किडा

तुआस म्हणजे सिंगापूरचं पश्चिम टोक. २०१७ साली मेट्रो इथपर्यंत आली आणि इथेच संपली. आजूबाजूला कारखाने, गोदामं आणि कंटेनरचे ट्रक. पर्यटक इकडे फिरकत नाहीत, आमच्यासारखे अभियंते तेवढे चाचण्यांच्या निमित्ताने येतात. मलय भाषेत 'तुआस' म्हणजे तरफ, हे कळल्यावर मला वाटलं, कारखान्यांच्या वसाहतीला काय झकास नाव शोधलंय!

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका मलय तंत्रज्ञांनी माझं हे संशोधन हसून निकालात काढलं. वयाने वडील म्हणून सगळे त्यांना 'पाकचिक', म्हणजे काका म्हणतात. नाव कारखान्यांच्या फार आधीचं आहे. 'मेनुआस' ही इथली मासेमारीची जुनी रीत. नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडायच्या, त्यांच्या सावलीला मासे गोळा झाले की जाळं वर उचलायचं. तुआस हे मुळात कोळ्यांचं गाव.

एका रविवारी काकांबरोबर गरवायला गेलो. (कोकणात आजोळ असलेल्यांना हा शब्द सांगायला नको.) वाटेत त्यांनी दुकानातून आमिषाची पुडी घेतली. उघडली तर आत वळवळणारे समुद्री किडे! मलय भाषेत 'पुंपुन'. गांडुळाच्याच वलयी कुळातले, पण दोन्ही बाजूंना केसाळ पायांची झालर आणि तोंडात जबडे. गळाला लावताना मला एक चावलासुद्धा.

"लहानपणी हे विकत घेतले असते तर गाव हसलं असतं," काका म्हणाले. "ओहोटी लागली की चिखल खणायचा, झालं."

हा चिखल दिसतो तितका निरुपयोगी नसतो. वरचा पातळ थर सोडला तर आत प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून तो काळा असतो आणि त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. पुंपुनसारखे किडे त्यात बिळं करतात आणि अंग हलवून आत पाणी खेळवतात. त्या पाण्याबरोबर प्राणवायू खाली जातो. बिळाच्या कडेचा चिखल म्हणूनच काळा न राहता तपकिरी दिसतो. एवढासा पंप, पण एका किनाऱ्यावर असे असंख्य! भरतीला मासे आणि ओहोटीला पाणपक्षी याच किड्यांवर जगतात.

आता हिशेब पाहा. १९६५ साली स्वतंत्र झालं तेव्हा सिंगापूर सुमारे ५८० चौरस किलोमीटर होतं, आज ७३० च्या वर आहे. ही वाढ समुद्रात भर घालून झालेली. तुआसला मोठी भर पडली ती १९८० च्या दशकात. आता तिथे नवं महाबंदर उभं राहतंय. पहिल्या टप्प्यात प्रत्येकी २८ मीटर उंचीच्या २२१ काँक्रीटच्या पेट्या समुद्रात बसवल्या. २०२२ साली उद्‌घाटन झालं. २०४० च्या दशकात काम पुरं होईल, तेव्हा वर्षाला साडेसहा कोटी कंटेनर हाताळायची क्षमता असेल. अभियंता म्हणून मी हे तोंडात बोट घालून पाहतो, खोटं कशाला बोलू?

या बंदरासाठी जवळच्या सुलतान शोलवरची सुमारे २,३०० प्रवाळं २०१३-१४ मध्ये उचलून दक्षिणेकडच्या बेटांजवळ नेऊन लावली. कौतुकास्पदच काम. आपल्याकडेही मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० साली वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं हलवली होती. पण प्रवाळ देखणं असतं, त्याचा फोटो छापून येतो. चिखल असा उचलून नेता येत नाही. त्यावर भर पडली की किडे गेले, त्यांच्यावर जगणारे मासे गेले, आणि 'ओहोटीला खणायचं' हे ज्ञानही एका पिढीत गेलं. नुकसानभरपाईच्या कुठल्या रकान्यात ते लिहायचं?

काकांना विचारलं, तुमचं घर कुठे होतं? त्यांनी कंटेनरच्या रांगेकडे हात केला, मग जरा विचार करून हात थोडा डावीकडे सरकवला. नक्की जागा त्यांनाही सांगता येईना.

त्या दिवशी मासा काही लागला नाही. उरलेले पुंपुन काकांनी फेकले नाहीत. खाली उतरून दगडांमधल्या बोटभर चिखलात हलकेच सोडून दिले.