प्रवाळ पांढरे का पडतात? काचेच्या टाकीत घडलेल्या निदानविद्येचा इतिहास

१५ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या 'नोआ' या सागर व वातावरणविषयक संस्थेने प्रवाळांचे चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे जाहीर केले. पुढच्या काही आठवड्यांत केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या संशोधकांनी लक्षद्वीपमधील प्रवाळांचेही मोठ्या प्रमाणावर विरंजन झाल्याचे कळवले. ऑक्टोबर २०२३ पासून तेथील समुद्र नेहमीपेक्षा उष्ण राहिला होता. अशा बातम्या वाचताना 'पांढरे पडले' याचा अर्थ बहुधा 'मेले' असा घेतला जातो. तो बरोबर नाही. पांढरेपणा हे तापासारखे लक्षण आहे. त्यामागील कारणे अनेक असू शकतात, आणि ती वेगळी ओळखण्याची विद्या समुद्राइतकीच काचेच्या टाकीतही घडली आहे. तिचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे.

१८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज महिलेने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी दररोज बदलणे शक्य नव्हते, म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतून त्यात हवा मिसळण्याचे काम घरातील मोलकरणीकडे आले. पुढे थिन यांनी पाण्यात समुद्रशैवाल सोडले आणि प्रवाळ वर्षानुवर्षे जगले. घरात दीर्घकाळ टिकलेले पहिले सागरी मत्स्यालय म्हणून याच प्रयोगाकडे बोट दाखवले जाते. वनस्पती व प्राणी यांचा समतोल साधला तर पाणी बदलावे लागत नाही, हे तत्त्व रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मांडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरी पोहोचवला. या कथेत त्या मोलकरणीचे नाव सहसा येत नाही. पाण्यात प्राणवायू मात्र तिच्याच हातांनी मिसळला जात होता.

थिन यांच्या यशात दैवाचाही वाटा होता. त्यांचे प्रवाळ थंड समुद्रातले, अन्न पकडून जगणारे होते. त्यांना प्रकाशाची गरज नव्हती. उष्ण कटिबंधातील, भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांची गोष्ट वेगळी आहे, आणि टाकीत ते टिकवणे पुढची शंभर वर्षे जवळजवळ कोणाला जमले नाही. कारण त्यांच्या शरीरात दडलेल्या भागीदाराची नीट ओळखच झालेली नव्हती.

सागरी प्राण्यांच्या ऊतींत सापडणाऱ्या पिवळसर पेशी हे स्वतंत्र शैवाल आहे, हे कार्ल ब्रान्ट यांनी १८८१ मध्ये सांगून त्याला 'झूझँथेला' हे नाव दिले. दुसऱ्याच वर्षी स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांनी असे शैवाल बाळगणारी समुद्रफुले उन्हात ठेवली, तेव्हा त्यांच्याभोवती प्राणवायूने समृद्ध असे बुडबुडे जमू लागले. गेडिस यांनी या शैवालाला 'फिलोझून' म्हणजे प्राणिमित्र असे नाव सुचवले. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. नगररचनाकार म्हणून त्यांची आठवण आपल्याकडे निघते. प्रवाळांच्या सहजीवनाचे कोडे सोडवणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

प्रवाळाचा रंग बहुतांशी या शैवालामुळे असतो. शैवाल बाहेर पडले की पारदर्शक ऊतीतून चुनखडीचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्राणी अजून जिवंत असतो, पण उपाशी. हे प्रथम पद्धतशीरपणे पाहिले ते मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या मोहिमेने. लो आइल्स बेटांवर यंग आणि निकोल्स यांनी काही प्रवाळ अंधारात ठेवले, काही उपाशी ठेवले, काही तापवले. तापलेल्या प्रवाळांनी शैवाल टाकून दिले. तरीही यंग यांचे मत असे होते की प्रवाळ हा मांसाहारी प्राणी असून शैवालाचे मुख्य काम त्याची टाकाऊ द्रव्ये उचलण्याचे आहे. निरीक्षण अचूक होते, अर्थ चुकला होता. किरणोत्सारी कॅल्शियम वापरून टॉमस गोरो यांनी १९५९ मध्ये प्रकाशात सांगाडा अधिक वेगाने वाढतो हे दाखवले. नंतर लिओनार्ड मस्कॅटीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने शैवालाने तयार केलेले अन्न प्रवाळाच्या ऊतींत जाते हे सिद्ध केले. टाकीवरचा दिवा शोभेसाठी नसतो. प्रवाळाची शिधापेटी त्यावर अवलंबून असते, हे तेव्हा पक्के झाले.

याच गोरो यांनी १९६४ मध्ये एक वेगळीच नोंद केली. 'फ्लोरा' या चक्रीवादळाच्या प्रचंड पावसानंतर जमैकाच्या भित्तींवरील प्रवाळांनी सामूहिकपणे शैवाल टाकले होते. कारण उष्णता नव्हते. गोड्या पाण्याने समुद्राची क्षारता घसरली होती. म्हणजे लक्षण तेच, रोग निराळा. हवाई बेटांवर पॉल जोकिएल व स्टीव्ह कोल्स यांनी सत्तरच्या दशकात वीज केंद्रातून सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याचा आणि टाक्यांतील प्रवाळांचा अभ्यास करून दाखवले की उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा केवळ एक-दोन अंश सेल्सिअस जास्त उष्णता काही आठवडे राहिली तरी प्रवाळ पांढरे पडतात. उपग्रहांवरून आज दिले जाणारे विरंजनाचे इशारे याच तऱ्हेच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

या विषयाच्या जागतिक परिषदांची सुरुवात भारतात झाली, हे विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे. आज आंतरराष्ट्रीय प्रवाळभित्ती परिषदेच्या मालिकेतील पहिली म्हणून मोजली जाणारी सभा जानेवारी १९६९ मध्ये तमिळनाडूतील मंडपम कॅम्प येथे भरली होती.

तिकडे टाकीचे शास्त्र हौशी मंडळी पुढे नेत होती. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली : समुद्रातून आणलेले, जिवाणूंनी भरलेले 'जिवंत खडक', थोडे हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश, एवढेच. विषारी अमोनियाचे रूपांतर खडकांवरील जिवाणू करत. तरीही कठीण प्रवाळ काही काळाने खंगत, कारण सांगाडा बांधताना ते पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट शोषून घेत आणि बंद टाकीत ती भर पडत नसे. सत्तरच्या दशकात पीटर विल्केन्स यांनी यावर उपाय रूढ केला तो चुन्याच्या निवळीचा. शाळेच्या प्रयोगशाळेत फुंकर मारून दुधाळ केली जाते तीच ही निवळी. ती टाकीत थेंबथेंब सोडली की कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही भरून निघतात. एकदम ओतली तर मात्र पाण्याचा सामू उसळतो आणि औषधच घात करते.

घरगुती टाकीतील निदानाचा गाभा हाच आहे. ऊती जाग्यावर असून रंग गेला, तर संशय उष्णतेवर, एकाएकी वाढवलेल्या प्रकाशावर किंवा क्षारतेवर घ्यावा. ऊतीच सोलून सांगाडा उघडा पडत असेल, तर ते विरंजन नव्हे. अल्कतेतील झटके, संसर्ग किंवा कुरतडणारे जीव तपासावे लागतात. रंग उलट गडद तपकिरी होत असेल, तर शैवाल वाढले आहे : पाण्यात पोषकद्रव्ये जास्त किंवा प्रकाश कमी. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ राहते. म्हणून घट गोड्या पाण्यानेच भरून काढावी लागते. एवढ्या साध्या विसराने कित्येक टाक्या ओसाड झाल्या आहेत. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि क्षारता हजारी ३५ च्या आसपास. हे आकडे गाठण्यापेक्षा ते स्थिर ठेवणे अधिक अवघड, आणि अधिक महत्त्वाचे.

अतिस्वच्छतेचाही रोग असतो. साउदॅम्प्टन येथील यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१३ मध्ये टाक्यांतील प्रयोगांवरून दाखवले की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटचा तुटवडा अशा पाण्यातील प्रवाळ उष्णता व प्रकाशापुढे लवकर हार मानतात. सांडपाणी मिसळलेल्या किनाऱ्यांसाठी हा निष्कर्ष गंभीर आहे. २०१७ मध्ये लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील जेमी क्रॅग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूंचे तापमान आणि चंद्रप्रकाश यांची टाकीत नक्कल करून प्रवाळांचे प्रजनन घडवल्याचे प्रसिद्ध केले. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाचा समुद्र असह्य तापला, तेव्हा समुद्रातील रोपवाटिकांमधून हजारो प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवण्यात आले. काचेची टाकी त्या उन्हाळ्यात रुग्णालय झाली.

भारतात घरी अशी टाकी मांडण्याचा मोह कायद्याशी टक्कर घेतो. २००१ पासून भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत आहेत. समुद्रातून ते काढणे वा विकणे गुन्हा आहे, आणि आपल्या भित्तींची अवस्था पाहता तो तसाच असावा. परिणाम इतकाच, की प्रवाळ जगवण्याचे जे हातकसब इतरत्र दिवाणखान्यांत साठले, ते आपल्याकडे संशोधन संस्थांनाच जोपासावे लागते. त्याची निकड आकड्यांत दिसते. १९९८ च्या एल निनोत लक्षद्वीपच्या खाजणांतील प्रवाळांपैकी ८२ टक्के आणि मन्नारच्या आखातातील ८९ टक्के पांढरे पडले होते; गढूळ पाण्याला आणि तापमानाच्या मोठ्या चढउतारांना सरावलेल्या कच्छच्या आखातात हे प्रमाण ११ टक्के होते. लक्षद्वीपमध्ये २४ वर्षे चाललेल्या एका अभ्यासात जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ मधील सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या खाली आल्याचे आढळले. भित्तीला सावरण्यासाठी साधारण सहा वर्षांची उसंत लागते, असेही त्यात दिसले. मोठ्या उष्णतेची वर्षे होती १९९८, २०१० आणि २०१६. अभ्यास संपल्यावर दोनच वर्षांत २०२४ उगवले.