उमरग्याचा रस्ता, पुण्याची धावपट्टी

फायटर विमानांचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो, पण बघतो ते हवेतलं. गोते, गिरक्या, धूर. जमिनीवर ती विमानं रांगेत कशी येतात, एकमेकांच्या मागे कशी थांबतात, जोडीनं कशी सुटतात, हे कुणी बघत नाही. मला विचाराल तर खरी गंमत तिथंच आहे. आणि ह्या गोष्टीचा आपल्या धाराशिव जिल्ह्याशी थेट संबंध आहे.

साल १९४८. आपला जिल्हा तेव्हा निझामाच्या राज्यात. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरलं, नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि दुपारपर्यंत रणगाडे उमरग्यात पोचले. दुसऱ्या दिवशी पुढचा टप्पा राजेश्वर, साधारण ४८ किलोमीटर. हवाई टेहळणीत दिसलं की रस्त्यावर जागोजागी दबा धरून माणसं बसलीयत. मग टेम्पेस्ट विमानं बोलावली गेली. त्यांनी रस्ता मोकळा केला आणि दुपारपर्यंत फौज राजेश्वरला. आपल्याकडची जुनी माणसं ज्याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, ते हेच. (त्या पाच दिवसांनंतर आपल्या भागात साध्या माणसांचं जे झालं ते सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. त्याला वेगळा एपिसोड लागेल, अर्ध्या मिनिटात उरकायचा विषय नाही तो.)

ह्या मोहिमेत टेम्पेस्ट विमानांचा तळ होता पुण्याचं लोहगाव. तिथून उमरगा सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे टेम्पेस्टला पाऊण तासाच्या आतबाहेरचं काम. पण उडण्याआधीची पाच मिनिटं बघा.

टेम्पेस्ट हे जेट नव्हे, पंख्याचं विमान. नाकात १८ सिलिंडरचं सेंटॉरस इंजिन, ताकद अडीच हजार हॉर्सपॉवरच्या घरात. पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक छोटं. त्यामुळे जमिनीवर असताना नाक आभाळाकडे आणि पायलटला समोरचं काहीच दिसत नाही. म्हणजे ट्रकच्या बॉनेटवर कडब्याची पेंढी बांधून गाडी चालवल्यासारखं! उपाय काय? नागमोडी जायचं. थोडं डावीकडे वळून उजव्या बाजूनं डोकवायचं, मग उलट. एकामागे एक चार विमानं अशी वळवळत जातायत, आणि मागच्याचा पंखा पुढच्याच्या शेपटीत घुसायला एक डुलकी पुरे. धावपट्टीवर जोर दिला की इंजिन नाक एका बाजूला ओढणार, ते पायानं रडर दाबून सावरायचं. शेजारी दुसरं विमान असेल तर ही ओढ म्हणजे थेट टक्कर.

गंमत म्हणजे मोहीम संपल्यावर दोनच महिन्यांत, नोव्हेंबर १९४८ मध्ये, भारताची पहिली जेट आली. व्हॅम्पायर. नाकाखाली चाक, समोर सगळं स्वच्छ, पंख्याची ओढ नाही. एक दुखणं गेलं, पण दुसरं आलं: मागून निघणारा गरम झोत. मी तेरखेड्याचा, त्यामुळे मला हे लगेच पटतं. पेटत्या भुईनळ्याच्या मागे किती अंतरावर उभं राहायचं हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही कळतं.

झोतापेक्षा वाईट म्हणजे त्यानं उडवलेला खडा. तो मागच्याच्या इंजिनात गेला की पाती गेली. म्हणून टॅक्सीवेवर जेट बहुतेकदा एका ओळीत जात नाहीत. पहिलं मधल्या रेषेच्या डावीकडे, दुसरं उजवीकडे, तिसरं परत डावीकडे. रस्ता अरुंद असेल तर मध्येच चालायचं, पण अंतर वाढवून. रशियन डिझायनर तर एवढे सावध की सुखोई-३० च्या हवा ओढणाऱ्या तोंडाला जमिनीवर असताना आतून जाळी लागते. उडाल्यावर ती बाजूला होते.

आता लोहगावला या. २७ सप्टेंबर २००२ ला सुखोई-३० एमकेआय तिथंच हवाई दलात दाखल झालं. धावपट्टी ४५ मीटर रुंद, विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत १४.७ मीटर. दोन विमानं आपापल्या अर्ध्या पट्टीच्या मधोमध उभी केली तर मध्यांमधलं अंतर साडेबावीस मीटर. पंख वजा करा: उरले पावणेआठ मीटर. साधारण दोन कार एकापुढे एक लावल्या तर मावतील एवढी जागा, आणि दोघं ताशी अडीचशेच्या पुढे धावणार!

मग नियम येतात. आडवा वारा असेल तर विंगमन वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे लीडरनं ढवळलेली हवा त्याच्यावर येत नाही. लीडर मान हलवतो, ब्रेक सुटतात. लीडर पूर्ण जोर लावत नाही, थोडा हातचा राखतो, कारण मागं पडलेल्या विंगमनला गाठायला काहीतरी शिल्लक हवं. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम सगळ्यात स्लो नोडच्या हिशोबानं चालवायची. आणि काही बिघडलं, कुणी थांबला, तरी आपली अर्धी पट्टी सोडायची नाही. विंगमनचे डोळे बहुतेक वेळ लीडरवर असतात. पोटाखाली बॉम्ब असतील तर मात्र सहसा जोडीचा नाद करत नाहीत. एकेक जण काही सेकंदांच्या अंतरानं उडतो आणि हवेत गाठ घेतो.

आपल्याला जवळचा तळ म्हणजे बीदर. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन पायलट कराचीहून निझामासाठी चोरून शस्त्रं आणायचा, त्याची विमानं बीदरलाही उतरायची. त्याच बीदरला आज नऊ हॉक विमानांची सूर्यकिरण टीम असते.

पुण्याहून विमानानं जाताना कॅप्टन म्हणाला की ‘थोडं थांबावं लागेल’, तर वैतागू नका, बाहेर बघा. पहिलं डावीकडे, दुसरं उजवीकडे दिसतंय का ते. फक्त मोबाईल खिशात ठेवा, तिथं शूटिंगला मनाई आहे.