खाडाखोडीतून उगवलेला चित्रकार

मंडळी, आज थोडे रवींद्रनाथ टागोरांविषयी. नाही, 'गीतांजली'विषयी नाही आणि राष्ट्रगीताविषयीही नाही. कवी रवींद्रनाथ आपण शाळेत शिकलो, पुढे मी ते वर्गात शिकवलेही. पण साठी उलटल्यावर चित्रे काढू लागलेले आणि मागे दोन हजारांहून अधिक चित्रे ठेवून गेलेले रवींद्रनाथ पाठ्यपुस्तकात फारसे भेटत नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर मला मात्र तेच अधिक जवळचे वाटू लागले आहेत. कारण त्यांच्या या गोष्टीत एक भीती आहे आणि ती तुमच्या-माझ्या चांगल्या ओळखीची आहे. आपल्याला जमणार नाही, आणि जमले नाही तर लोक हसतील, ही ती भीती.

कलकत्त्याच्या जोडासाँको भागातले टागोरांचे घर म्हणजे कलावंतांचा वाडाच. थोरले भाऊ ज्योतिरिंद्रनाथ माणसांचे चेहरे पेन्सिलीने फार सुरेख रेखाटत. गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ हे पुतणे तर पुढे आधुनिक भारतीय चित्रकलेतली मोठी नावे झाली. अशा घरात ज्याचा हात चित्रात चालत नाही त्याने काय करावे? ज्या घरी सगळेच गाणारे असतात, तिथले एखादे बेसूर पोर न्हाणीघरातही गुणगुणायला लाजते. रवींद्रनाथांचे चित्रांच्या बाबतीत काहीसे तसेच झाले असावे.

१८९३ साली पुतणी इंदिरादेवीला लिहिलेल्या एका पत्रात ते म्हणतात की, चित्रकलेकडे आपण निराश प्रियकरासारखे लांबूनच पाहत असतो, पण तिची आराधना करण्याचे आपले वय आता निघून गेले. वय किती होते तेव्हा? अवघे बत्तीस!

१९०० साली शास्त्रज्ञ मित्र जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेले पत्र तर फारच गमतीचे आहे. बोस तेव्हा युरोपात होते. रवींद्रनाथ त्यांना कळवतात की, मी हल्ली वही घेऊन चित्रे काढत बसतो. अर्थात ती पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नाहीत, आणि ती विकत घेण्यासाठी एखाद्या देशाचे राष्ट्रीय कलादालन लोकांवर जादा कर बसवील अशीही शंका मला नाही. पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त चालतो आहे, असेही ते सांगतात.

वाचताना हसू येते. पण वर्गात आयुष्य काढलेल्या माणसाला हा विनोद लगेच ओळखू येतो. फळ्यापाशी बोलावले की काही मुले आधीच स्वतःची टिंगल करतात. दुसऱ्याने हसण्याआधी आपणच हसून घ्यायचे, म्हणजे कमी लागते. एवढा मोठा कवी, पण कोऱ्या कागदापुढे त्याचीही तीच गत होती. पुढे ती वही मागे पडली.

तरी डोळा तयार होतच होता. १९१६ साली ते जपानला गेले, तेव्हा तिथल्या नामवंत चित्रकारांची भव्य चित्रे पाहून ते भारावून गेले. १९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले. पण इतरांसाठी कलाशाळा काढणारा हा गुरुदेव स्वतः मात्र कोणापुढे विद्यार्थी म्हणून बसला नाही.

मग आले १९२४ साल. पेरूच्या स्वातंत्र्यलढ्याच्या शताब्दीसाठी रवींद्रनाथ दक्षिण अमेरिकेला निघाले, पण वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सजवळ सान इसिद्रो येथे त्यांना मुक्काम करावा लागला. व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेने त्यांची सारी व्यवस्था केली. तिथे ते 'पूरबी' संग्रहातल्या कविता लिहीत होते. शब्द खोडला की ती खोडलेली जागा त्यांच्या डोळ्यांना खुपे. म्हणून ते एका खोडीला दुसरी खोड जोडत. जोडता जोडता तिथे चोच दिसू लागे, पंख फुटे, कधी कोणी न पाहिलेले जनावर डोके वर काढी. ओकाम्पोबाईंनी ती वही पाहिली आणि त्या चकित झाल्या. या कवितांच्या मार्जिनमध्ये एक चित्रकार लपला आहे, हे ओळखणाऱ्या पहिल्या काही जणांत त्या होत्या.

आता १९०० आणि १९२४ या दोन वह्या मनातल्या मनात शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वहीत पेन्सिल आणि खोडरबर होता, दुसरीत शाई. पेन्सिलीची चूक पुसता येते, म्हणून माणूस पुसतच बसतो. शाईची पुसता येत नाही, मग तिचे काहीतरी करावेच लागते. शिवाय फुलदाणी समोर ठेवून चित्र काढले की तुमचे कुठे चुकले हे सांगायला ती फुलदाणीच समोर हजर असते. पण खाडाखोडीतून निघालेला पक्षी जगात कुठेच नसतो. तो चुकला म्हणणार कसे? मला वाटते, बत्तिसाव्या वर्षी न सुटलेली गाठ त्रेसष्टाव्या वर्षी इथे सुटली. आधी हात तयार झाला आणि मग भीती गेली, असे घडले नाही. चूक जिथे झाली तिथूनच त्यांनी पुढे रेघ ओढली.

१९२८ च्या सुमारास ते नेमाने चित्रे काढू लागले. चेहरे आले, झाडे आली, संध्याकाळची आभाळे आली. फाउंटन पेनची शाई, चिंधी, स्वतःचे बोट, कधी फुलांच्या पाकळ्यांचा रस, जे हाताशी येईल ते चाले. त्यांना तांबडा आणि हिरवा हे रंग नीट वेगळे दिसत नसावेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तरी काम थांबले नाही.

भीती पुरती गेली होती का? तसे म्हणवत नाही. त्यांचे पहिले प्रदर्शन कलकत्त्याला भरले नाही. ते भरले मे १९३० मध्ये, तेही पॅरिसला! ओकाम्पोबाईंनी धावपळ करून ते जुळवून आणले. सव्वाशे चित्रे मांडली होती. नोबेल मिळून सतरा वर्षे झालेल्या, एकोणसत्तर वर्षांच्या माणसाने नवशिक्या म्हणून लोकांपुढे उभे राहायचे, ही गोष्ट लहान नाही. ज्याचे नाव मोठे, त्याची पडण्याची उंचीही मोठी. पॅरिसनंतर युरोपातली इतर शहरे, मॉस्को, अमेरिका असा चित्रांचा प्रवास झाला. बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाने तर पाच चित्रे ठेवून घेतली. तीस वर्षांपूर्वी पत्रात केलेले दोन्ही विनोद असे खरे ठरले.

सगळीकडे टाळ्याच पडल्या असे मात्र नाही. १९३२ साली कलकत्त्यात प्रदर्शन झाले, तेव्हा अनेकजण बुचकळ्यात पडले. चित्राचा अर्थ विचारला तर रवींद्रनाथ सांगत नसत, चित्रांना नावेही देत नसत. १९३७ साली नाझींनी बर्लिनमधली ती चित्रे 'अधःपतित कला' ठरवून काढून टाकली. नापास होण्याचा याहून मोठा शेरा कोणता? पण रवींद्रनाथ १९४१ साली गेले ते जवळजवळ अखेरपर्यंत चित्रे काढत राहून. आज त्यांची चित्रे आपल्या देशाचा राष्ट्रीय ठेवा मानली जातात आणि कायद्याने ती देशाबाहेर विकता येत नाहीत.

माझ्या वयाची अनेक मंडळी मला भेटतात. निवृत्तीनंतर हौसेने रंगांची पेटी आणलेली असते, पण कागद कोराच असतो. "हात वळत नाही हो आता," म्हणतात. त्यांना माझे एवढेच सांगणे की, खोडरबर नातवंडांना देऊन टाका, एक शाईचे पेन घ्या आणि रेघ चुकली की तिथूनच पुढे जा. रवींद्रनाथ होण्याची काही गरज नाही. कागद कोरा राहिला नाही म्हणजे पुष्कळ झाले. पटले तर करून पाहा.