रोहिणीतलं पाणी आणि पुढच्या वर्षाचं बियाणं



नवतपा सुरू झाला की आपल्या पूर्व विदर्भातल्या तलावांची रया जाते. पाळीजवळच्या खोल भागात तेवढं पाणी उरतं, बाकी तळाला भेगा पडतात. वैनगंगा आणि तिच्या उपनद्याही ठिकठिकाणी डोहांपुरत्या उरतात. साधारण २५ मेपासून, म्हणजे सूर्य रोहिणीत आल्यापासून, मृगाचा पाऊस पडेपर्यंतचे हे पंधरा दिवस मासेमारीला सोपे. सगळे मासे एका जागी जमलेले, लपायला जागा नाही. पण मासा संपवायलाही हेच दिवस सर्वांत सोपे. म्हणून आज आपण या उरलेल्या पाण्याचा इतिहास पाहणार आहोत. ते कोणाचं होतं, त्यातून कोणी किती घ्यायचं आणि मागे काय ठेवायचं?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. आज आपण त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. पण ते मालगुजारीच्याही आधीचे. गोंड राजवटीत, जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळेल, असं धोरण होतं असं सांगतात. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. उतारावरचं पाणी पाळ घालून अडवायचं, धानाला हवं तेव्हा तुडुमातून सोडायचं आणि जास्तीचं सलंगावरून वाहू द्यायचं, अशी ही सोय. धान निघालं की उरलेलं पाणी गुरांचं, पाखरांचं आणि माशांचं. मासे धरण्याचं काम ढिवर समाजाकडे होतं.

आता थोडं पाण्याकडे पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३५ अंशांना ७ च्या आत येतो. दिवसा पाणवनस्पती प्राणवायू सोडतात, पण रात्री त्या आणि मासे दोघेही तो वापरतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर पाणी गुदमरलं आहे असं समजावं. वळवाआधी आभाळ दिवसभर भरून राहिलं, तर असं जास्त होतं.

अशा पाण्यातही काही मासे टिकतात. मरळ, मागूर आणि शिंगी हे मासे पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतात. पाणी आटत आलं तरी ते ओल्या चिखलात तग धरतात. मृगाचा पाऊस पडला आणि शेतांत, झुडपांत उथळ पाणी भरलं की तिथे अंडी घालतात. मरळ तर पाणगवतात घरटं करते आणि पिलांची राखण करते. म्हणजे रोहिणीत चिखलात उरलेली जोडी हेच पुढच्या वर्षाचं बियाणं. आपण धानाचं बियाणं कणगीत राखतो, तसं ते तलाव आपल्या तळाशी राखत असे.

इंग्रज आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि पुढच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. तलाव मालगुजाराचे झाले, तरी गावाचे निस्तार हक्क राहिले. गुरांना पाणी पाजणं, तळातला गाळ शेतात नेणं हे चालू होतं. उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ बैलगाड्यांनी शेतात जाई. त्यामुळे शेताला खत मिळे आणि तलावाची खोलीही टिकून राही.

त्याच काळात सरकारला माशांची काळजी वाटू लागली. फ्रान्सिस डे या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर अहवाल दिला. अंडी घालायला निघालेले मासे आणि बारीक पिल्लं बेसुमार मारली जातात, हे त्याचं मुख्य गाऱ्हाणं होतं. पुढे १८९७ मध्ये भारतीय मत्स्य कायदा आला. पाण्यात स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारणं त्याने गुन्हा ठरवलं. सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी आटत्या डोहात विष टाकण्याची दुष्ट सवय पुरती गेलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन मोठे बदल झाले. पहिला मालकीचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारकडे आले. जुलमी मालकी गेली हे चांगलंच झालं. पण गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं ही कामं आता नेमकी कोणाची, हे गावाला कळेनासं झालं. तलाव उथळ होत गेले. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बेशरमीने काठ व्यापले. ज्या पाणवनस्पतींत मासे अंडी घालत, त्या मागे हटल्या.

दुसरा बदल माशांचा. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांचं यशस्वी प्रजनन केलं. तोच दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला वाहत्या नदीचं पाणी लागतं, तलावात ते आपोआप वाढत नाहीत. या शोधानंतर त्यांचं बीज केंद्रात तयार होऊ लागलं आणि गावोगावच्या तलावांत सोडता आलं. उत्पन्न वाढलं, हे नाकारून चालणार नाही.

पण हिशेब इथेच बदलला. बीज दरवर्षी विकतच आणायचं, तर तळाशी काही राखायचं कशाला? मे महिन्यात तलाव उपसून शेवटचा मासाही काढला, तरी रोहूचं काही बिघडत नाही, कारण पावसाळ्यात नवं बीज येणारच. मरळ आणि मागूर मात्र त्या उपशात कायमचे जातात. त्यांचं बीज गाडीतून येत नाही. ते त्याच चिखलात असतं.

याचा भार कोणावर पडला? मैत्रिणींनो, रोहूचं पीक मोठ्या जाळ्याचं आणि व्यापाऱ्याच्या वजनकाट्याचं. तलावातले बारीक, गावठी मासे मात्र ढिवर बायकांच्या टोपलीत येत. ते घरच्या कालवणात जात, वाळवून ठेवले जात, उरलेले दारोदार विकले जात. पेरणीआधीच्या कडकीच्या दिवसांत मीठ-मिरचीचा पैसा त्यातून सुटे. मच्छीमार सहकारी संस्थांच्या यादीत मात्र बहुतेक नावं पुरुषांचीच राहिली. टोपली बाईच्या डोक्यावर आणि मत पुरुषाचं, अशी वाटणी झाली.

ही गोष्ट इथेच संपत नाही. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायकापुरुषांनी, मनीष राजनकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या साथीने, तलावांवर पुन्हा काम सुरू केलं. आजी-आजोबांना ठाऊक असलेल्या माशांची आणि पाणवनस्पतींची नावं आधी गोळा केली. उन्हाळ्यात बेशरम उपटली, तळ नांगरला आणि दुसऱ्या तलावांतून आणलेल्या वनस्पती लावल्या. वनस्पती परतल्या तिथे गावठी मासे आणि पाखरंही परतू लागली. महिला सभेत बोलू लागल्या, हेही त्याच कामाचं फळ.

तेव्हा यंदा मृग लागायच्या आत आपल्या गावच्या तलावावर एक फेरी मारा. पाळीजवळचा एक खोल खड्डा उपसायचा नाही, हे ग्रामसभेत ठरवून घ्या. मोठी मरळ जाळ्यात आली, तर तिला पहिल्या पावसापर्यंत जगू द्या. गाळ निघणार असेल, तर पाणवनस्पतींचा एक पट्टा सोडायला सांगा. आणि संस्थेच्या सभासदांच्या यादीत आपलं नाव आहे का, ते विचारा. नसेल तर अर्ज लिहायला दोघीचौघी मिळून जा.