जलशीर्ष : एका झडपेचा इतिहास

वसईच्या खाडीकाठी ज्यांची खारजमीन किंवा मिठागरे आहेत त्यांना उघाडी म्हणजे काय हे सांगावयास नको. बांधात एक मोरी ठेवलेली असते आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला झडप असते. ओहोटी लागली की आतले पाणी आपल्याच भाराने झडप लोटून बाहेर पडते. भरती आली की खाडीचेच पाणी ती झडप दाबून धरते आणि खारे पाणी आत शिरत नाही. जवळ माणूस नसला तरी काम चालते. आज ज्या वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे तीही एक उघाडीच आहे. फरक एवढाच की, ती करंगळीच्या पेराहून फारशी मोठी नसते आणि माणसाच्या कानामागे, कातडीखाली बसवलेली असते.

आपला मेंदू पाण्यात तरंगत असतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत. त्यांत हे स्वच्छ पाणी पाझरते, अरुंद वाटांनी एका पोकळीतून दुसरीत उतरते, मेंदूच्या व पाठीच्या कण्याच्या भोवती फिरते आणि शेवटी रक्तात मुरते. प्रौढ माणसात एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर पाणी असते. परंतु दिवसाकाठी तयार होते सुमारे अर्धा लिटर. म्हणजे तेच पाणी दिवसातून तीन वेळा बदलते. वाट बुजली तरी झरा थांबत नाही, आणि सगळा घोटाळा येथेच आहे. पाणी तुंबते, पोकळ्या फुगतात, मेंदू आतून कवटीवर दाबला जातो. या विकारास जलशीर्ष म्हणतात.

तान्ह्या मुलाच्या कवटीचे सांधे अजून जुळलेले नसतात, म्हणून त्याचे डोके वाढत जाते, टाळू फुगून ताठ होते आणि डोळ्यांची बुबुळे मावळत्या सूर्याप्रमाणे खालच्या पापणीआड बुडू लागतात. मोठ्या माणसाची कवटी म्हणजे बंद पेटी. एडिंबरोचे मन्रो यांनी १७८३ मध्येच हे मांडून ठेवले होते. तिच्यात एका वस्तूने जागा घेतली की दुसरीला ती सोडावी लागते. तेव्हा मोठ्यांत डोके वाढत नाही, दाब वाढतो. सकाळी उठताच डोके ठणकते, उलटी होते, दोन दोन दिसू लागतात, आणि मग रोगी पेंगू लागतो. ही पेंग सर्वांत वाईट.

जुन्या वैद्यांना हा रोग दिसत होता. पण त्यांच्या हाती काही नव्हते. व्हेसालियस या शरीरशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथाच्या १५५५ च्या आवृत्तीत आउग्सबुर्ग शहरातील एका दोन वर्षांच्या मुलीची हकिकत दिली आहे. तिच्या डोक्यातून सुमारे नऊ पौंड पाणी निघाले. १७६८ मध्ये रॉबर्ट व्हिट यांचे मेंदूतील जलसंचयावरचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यातील मुलांची वर्णने आज वाचली की ध्यानात येते की, ती बहुतेक मुले क्षयाच्या मेंदुज्वराने गेली होती. हा धागा लक्षात ठेवावा. तो आपल्याला मुंबईत पुन्हा सापडणार आहे.

१८९१ मध्ये जर्मनीत क्विंके यांनी कमरेत सुई घालून हे पाणी काढण्याची रीत दाखवली. त्यानंतर अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी ब्लॅकफन यांच्यासह कुत्र्यांच्या मेंदूतील अरुंद वाट मुद्दाम बंद केली आणि पोकळ्या फुगतात हे सिद्ध केले. कारण कळले, उपाय मात्र भयंकर निघाला. १९१८ मध्ये डँडी यांनी पाणी पाझरवणारी जाळीच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली, तेव्हा चारांपैकी तीन मुले दगावली. मग नळीने पाणी दुसरीकडे नेण्याचे प्रयत्न झाले. रक्तवाहिनीत नळी सोडली तर रक्त उलटे चढे आणि तिच्यात गोठे. भरतीचे पाणी आत येई, असे म्हणा ना. हवी होती ती उघाडी.

ती १९४९ मध्ये फिलाडेल्फियात नुल्सेन आणि स्पिट्झ या दोघांनी बसवली. पण तिला टिकाऊपणा आला तो एका कारागिरामुळे. जॉन होल्टर हा कुलुपे बनवणाऱ्या कारखान्यातील तंत्रज्ञ. नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याला मुलगा झाला, केसी. मुलाच्या पाठीच्या कण्यात जन्मतः दोष होता आणि डोक्यात पाणी भरत होते. डॉक्टर स्पिट्झ यांनी अडचण काय आहे ते समजावून सांगितले, आणि हा गृहस्थ आपल्या घरच्या कामाच्या खोलीत जाऊन बसला. रबरी नळीला बारीक चीर दिली तर आतून दाब आला की ती उघडते आणि दाब गेला की आपोआप मिटते, या साध्या गोष्टीवर त्याने झडप उभी केली. रबर शरीरात टिकेना, तेव्हा सिलिकोन घेतले. १९५६ मध्ये ती झडप रोग्यांना बसू लागली. केसी फार वर्षे जगला नाही. त्याच्या बापाची झडप मात्र जगभर गेली.

दुसरी हकिकत अधिक प्रसिद्ध आहे. डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्क शहरात लेखक रोआल्ड डाल यांच्या चार महिन्यांच्या मुलाच्या बाबागाडीला टॅक्सीने धडक दिली. मुलगा वाचला, पण डोक्यात पाणी साचू लागले आणि बसवलेली नळी वारंवार तुंबू लागली. डाल यांनी स्टॅन्ली वेड नावाच्या, खेळण्यातल्या विमानांसाठी चिमुकले पंप बनवणाऱ्या अभियंत्याला गाठले, लंडनचे शल्यविशारद केनेथ टिल यांना सोबत घेतले आणि १९६२ पर्यंत न तुंबणारी झडप तयार केली. तिघांनी तिच्यावर नफा घेतला नाही. तोवर डाल यांच्या मुलाला तिची गरज उरली नव्हती. ती हजारो इतर मुलांच्या उपयोगी पडली.

या दोन कथा सांगणारे पुष्कळ आहेत. आपल्या मुंबईची कथा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते आपल्यासाठी तीच महत्त्वाची आहे.

स्वतंत्र भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग १९४९ मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी उभारला; मुंबईत डॉ. राम गिंडे यांच्या पिढीने हे शास्त्र रुजवले. त्यांच्यापुढे आलेले जलशीर्ष पुष्कळदा निराळे होते. पाश्चात्त्य देशांत ते बहुधा जन्मजात दोषाचे असे. आपल्याकडे क्षयाचेही असे. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधला. त्यापूर्वी क्षयाचा मेंदुज्वर झालेले मूल काही आठवड्यांत जाई. औषधाने मूल जगू लागले, पण मेंदूच्या तळाशी चिकट थर साठून पाण्याच्या वाटा बुजलेल्या असत. जंतू मरत आणि पाणी मारी. जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात डॉ. उदाणी आणि डॉ. दारब दस्तूर यांनी मुलांच्या मेंदूतील या क्षयाचा कसून अभ्यास केला. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९६६ चा. पुढे १९७१ मध्ये डॉ. एस. एन. भगवती यांनी अशा रोग्यांच्या मेंदूतील पाणी झडपेच्या नळीने थेट हृदयाच्या कप्प्यात सोडण्याच्या शस्त्रक्रियेचा अनुभव जगापुढे मांडला. (न्यायमूर्ती पी. एन. भगवती आणि अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांचे हे बंधू. एका घरात किती गुण असावेत!) क्षय अंगात असताना शरीरात परकी नळी ठेवावी की नाही, हा त्या काळी मोठा प्रश्न होता.

१९९१ मध्ये वेल्लोरच्या पालूर, राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११४ रोग्यांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन जे लिहिले ते प्रत्येक घरात माहीत असावे. रोगी कितपत शुद्धीवर आहे यावरून त्यांनी चार पायऱ्या केल्या. पूर्ण शुद्धीवर असताना आलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २० टक्के. खोल बेशुद्धीत आलेल्या चौथ्या पायरीच्या रोग्यांपैकी कोणीच वाचले नाही. शस्त्रक्रिया एकच, झडप एकच. विरारहून दादरला गाडीने जायला तास-सव्वा तास लागतो. पण ‘ताप उतरला की बघू’ म्हणत जे आठवडे जातात, त्यांत माणूस पहिल्या पायरीवरून चौथीवर उतरतो.

पैशाचा प्रश्न राहिलाच. परदेशी झडप गरिबाला परवडेना. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. उपाध्याय आणि लखनौचे डॉ. छाब्रा यांच्या नावांच्या स्वस्त स्वदेशी झडपा आल्या. २००५ मध्ये युगांडात डॉ. वॉर्फ यांनी १९५ मुलांत छाब्रा झडप आणि कित्येक पटींनी महाग अमेरिकन झडप यांची तुलना केली, तेव्हा वर्षअखेर दोहोंच्या फळात उल्लेखनीय फरक आढळला नाही. स्वदेशीचा असा पुरावा क्वचितच मिळतो.

हल्ली काही रोग्यांत झडप न बसवता, दुर्बिणीने मेंदूतील पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला वाट करून देतात. ही कल्पना १९२३ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर यांनी अमलात आणली होती. चांगल्या दुर्बिणी आल्यावर ती पुन्हा वर आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युगांडातील १०० अर्भकांच्या तुलनेत वर्षभराने मुलांच्या बुद्धीच्या वाढीत दोन्ही रीतींमध्ये ठळक फरक दिसला नाही. त्या अभ्यासाचे पहिले लेखक टोरोंटोचे डॉ. अभय कुलकर्णी, आडनाव ऐकून आपले कान टवकारतात, हे कबूल केले पाहिजे.

झडपेचेही दोष आहेत. माणूस उभा राहिला की नळीतला पाण्याचा स्तंभ खाली ओढतो आणि पाणी गरजेपेक्षा जास्त वाहते. म्हणून ओढ रोखणाऱ्या आणि बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणाऱ्या झडपा निघाल्या. नळी आता बहुधा पोटात सोडतात आणि मूल वाढेल म्हणून तिची लांबी जास्तीची ठेवतात. ती तुंबू शकते, तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. झडप बसवलेल्या मुलाला पुन्हा डोकेदुखी, उलट्या, पेंग किंवा ताप दिसला तर तो पित्ताचा प्रकार समजून घरी थांबू नये. झडपेचे नाव व प्रकार लिहिलेला कागद घरी जपून ठेवावा आणि चुंबकीय तपासणीच्या वेळी आधी दाखवावा. चुंबकाने बदलणाऱ्या काही झडपांचा दाब त्या यंत्रात सरकतो, आणि तपासणीनंतर तो पुन्हा पाहून घ्यावा लागतो.